सुभेदारांचं हवा सोडणारं पिस्तूल

पंधरा दिवसांपूर्वी मी दुरुस्त करून दिलेलं एअर पिस्तूल सुभेदारांनी पुन्हा माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मिस्त्री, परत हवा गळतीया," ते म्हणाले. "आन् उद्या सातारला पोरीची नेमबाजीची निवड हाय."

सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. मुख्य काम स्टोव्ह आणि फवारणी पंपांचं. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत वर्षाला दोन-चार एअरगनही यायच्या. हे पिस्तूल विलायती, सुभेदारांच्या वडिलांना पलटणीतल्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलेलं. सुभेदार स्वतः पेन्शनीत निघून वडूजजवळ गावी शेती बघत होते. मुलगी शालन, अठरा-एकोणीस वर्षांची, त्यांच्या मागं उभी होती.

"हिचाबी हात सामन्यातच ढिला पडतोय," सुभेदार म्हणाले. "गेल्या साली दोन्ही येळंला छर्रं खाली. उद्या न्हाई जमलं तर नेमबाजी बंद. लग्नाची बोलणी चालल्याती."

मला वाईट वाटलं, पण आधी काम.

अशा पिस्तुलात दारू नसते. नळी उचलून मागं ओढली की आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छर्रा फेकते. पिस्टनच्या तोंडाला वाटीसारखा चामड्याचा वायसर असतो. स्टोव्हच्या पंपात असतो तोच, थोडा जाड. तो नीट बसला नाही तर हवा मागं पळते आणि छर्रा वाटेतच खाली येतो.

मी नळीच्या सांध्यावर कागदाचा कपटा ठेवून बार काढला. कपटा हलला नाही, म्हणजे सांधा चांगला होता. छर्रा मात्र समोरच्या फळीवर आपटून खाली पडला. पिस्तूल खोललं. रात्रभर साच्यात दाबून, एरंडेलात मुरवून मी स्वतः बनवलेला वायसर पापडासारखा वाळला होता. वर रॉकेलचा वास.

"रॉकेल कुणी घातलं?"

"मी," सुभेदार ताठ होऊन म्हणाले. "सामन्याच्या एक-दोन दिस आधी हत्यार साफ करायचंच. काल बी धुतलं आन् खटखटीत कोरडं केलं. सव्वीस वर्सं पलटणीत हेच केलंय."

"सुभेदार, ती लोखंडाची रायफल. ह्यात चामडं आहे, त्याला तेल लागतं. रॉकेलनं ते सुकतं."

तेवढ्यात शालन हळूच म्हणाली, "म्हून सरावात बराबर लागतं व्हय? कुरकुरतंय म्हून मी मशीनचं तेल सोडती रोज."

"कुणाला इचारून?" सुभेदार गरजले. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं आणि ते स्टुलावर बसले.

मीही ओशाळलो. फौजी माणसाला हत्याराबद्दल काय शिकवायचं, असं समजून पहिल्या वेळी तेलाचा शब्दही काढला नव्हता.

नवा वायसर दाबायला वेळ नव्हता. जुनाच कोमट एरंडेलात टाकला. दुपारपर्यंत तो फुगून मऊ झाला. चार वाजता पिस्तूल जोडून शालनच्या हातात दिलं. तिनं पाच छर्रे मारले. पाचही रुपयाएवढ्या जागेत फळीत रुतले.

"आता ह्याला फक्त हिनं हात लावायचा," मी बजावलं.

"आन् मी?"

"तुम्ही लांबून बघायचं."

आठवड्याभरानं सुभेदार एकटेच आले. शालनची निवड झाली होती, शेवटच्या नंबरावर का होईना.

"मग आता लग्नाचं?" मी विचारलं.

"त्ये थांबवलं." टेबलावरची माझी पक्कड उचलून त्यांनी परत ठेवली. "गेल्या साली सातारलाच तिला लय बोललो हुतो, चारचौघांत. म्हून ह्या येळंला तितंच, चारचौघांत सांगितलं. पोरीचा हात कवाच हालला न्हाई, चूक माजी हुती."

"ती काय म्हणाली?"

"रडली. मग म्हनली, आप्पा, पिस्तुलाला आता हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून वस्तू खोलण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो, ही पुसतं कोण आणि कशानं? गिऱ्हाईक फौजी असेल तर दोनदा विचारतो.