एकशे दोन अंश

घमेलं विहिरीतून वर आलं तेव्हा त्यात ऊन भरलेलं होतं. खाली काळ्याभोर पाषाणात नुकताच सुरुंग उडाला होता, दारूचा उग्र, डोळ्यांत चुरचुरणारा वास अजून हवेत रेंगाळत होता, आणि वर आलेल्या त्या काळ्या दगडांच्या ढिगात काचेसारखे नितळ, पट्टीनं आखावेत इतक्या सरळ कडांचे खडे लखलखत होते... त्यांच्याभोवती पांढऱ्या सुयांचे नाजूक झुपके. खोदकाम करणारी माणसं घमेल्याभोवती गोळा झाली. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं उतरवलं.

पंचाहत्तर-शहात्तर साल असावं. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका लहानशा गावात आम्ही दोघंच राहत होतो – मी आणि माझे वडील, आप्पा. ते तिथल्या शाळेत गणित शिकवत. त्याच थंडीत आई तापानं गेली होती. मी नऊ वर्षांची होते. आईला गावाबाहेर ओढ्याकाठी मातीत ठेवलं होतं, आणि घरात तिचे वास तेवढे उरले होते – फडताळातल्या शिकेकाईचा, ट्रंकेतल्या पातळांत घातलेल्या कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा, चुलीमागच्या ओलसर भिंतीचा. शाळा सुटली की आप्पा वह्यांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसत. आम्ही एकमेकांशी भांडत नव्हतो, रुसतही नव्हतो. फक्त बोलायला लागणारं माणूस आमच्यामधून उठून गेलं होतं.

म्हणून मी गावातल्या सरूमावशीच्या – नात्यानं नव्हे, म्हणण्यापुरती मावशी – मळ्यात जाऊन बसे. द्राक्षांचा हंगाम सरलेला, वेली छाटलेल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे नवी विहीर खणायला घेतलेली. मावशी मायाळू होती. आई गेल्यावर आठवडाभर आमच्याकडे भाकरी तिच्याच घरून आल्या होत्या. पण तिच्या देवघराच्या उंबऱ्यापाशी माझे पाय आपोआप थांबत. थांब असं कुणी म्हटलं नव्हतं. ये, असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती – शांत, मिटल्या डोळ्यांची. तिच्यापाशी काही मागायचं नसतं, हे आप्पांनी मला फार लवकर शिकवलं होतं.

त्या दिवशी मावशीनं काम थांबवलं, हळदकुंकू आणलं, खड्यांना वाहिलं, आणि त्यांतला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो गार होता. पुठ्ठ्याची पेटी एका बाजूनं दाबल्यावर कलते, तसा त्याचा आकार.

"घे पोरी, देवाचा खडा हाय," ती म्हणाली. "वर एवढा दगड, आत निस्ता अंधार. बघणारं कुणी नाय. तरी कसं सरळ केलंय बघ. देवाबिगर कोण करील?"

अंधारात, मातीखाली, कुणी बघत असतं... हे वाक्य मी ओंजळीत पाणी न्यावं तसं सांभाळत घरी नेलं. जो तिथं बघतो त्याला ओढ्याकाठची माझी आईही दिसत असणार! मी तो खडा ट्रंकेत आईच्या पांढऱ्या पातळाच्या घडीत ठेवला, आणि रोज दुपारी झाकण उघडून त्याला आईचं विचारू लागले – तिला थंडी वाजते का, तिथं पाणी आहे का. मला पहिल्यांदाच एक देव मिळाला होता, आणि तो उंबऱ्याच्या अलीकडे होता.

एका रविवारी आप्पांनी ट्रंक उघडली. पातळावर कुंकवाचा डाग पडला होता. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. ते रागावतील, खडा फेकून देतील म्हणून मी श्वास रोखून उभी होते. पण त्यांनी कंपासपेटीतला कोनमापक आणला, ओसरीवरच्या उन्हात बसून खड्याच्या एका कोपऱ्यावर धरला, मग दुसऱ्या बाजूच्या, मग तिसऱ्या. एकशे दोन अंश. पुन्हा एकशे दोन. शेजारचा कोपरा अठ्ठ्याहत्तर.

मी विचारलं, "आप्पा, हे ज्यानं केलं त्याला आई दिसते का?"

त्यांनी कोनमापक मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कुणी केलं नाही, बाळ. नियमानं झालंय ते."

"मग आईपण नियमानंच गेली?"

"हो," ते म्हणाले.

आजही तो 'हो' मला ऐकू येतो. खोटं बोलणं किती सोपं होतं त्यांना... आणि त्यांना ते जमलं नाही. मी रडले नाही. त्यांनी हातोडी आणली आणि तो नियम आतही कसा आहे ते दाखवायला खडा फोडू का म्हणून विचारलं. नको म्हणालीस तर नाही फोडणार, असंही सांगितलं. मी रागानंच फोडा म्हटलं.

खडा फुटला, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याचा आकार तोच निघाला – तीच तिरकी पेटी, लहान. आप्पांनी एक तुकडा मोजला. एकशे दोन. तो फोडला, त्यातलाही मोजला. शेवटी नखावर मावेल एवढा कण राहिला, कोनमापक त्याच्यापुढे निरुपयोगी झाला, तरी कलणं तसंच होतं. देव न मानणाऱ्या माझ्या वडिलांचा चेहरा मी त्या दिवशी प्रथमच असा पाहिला – मावशीचा हळदकुंकू वाहताना झाला होता, अगदी तसा.

"तुझी आई असती तर तिनं हात जोडले असते," ते हळूच म्हणाले. "मी जोडत नाही. पण हे तिला दाखवायला हवं होतं मला."

तेव्हा मला कळलं की ओढ्याकाठी नुसती माझी आई नाहीये, आप्पांचंही माणूस आहे.

दहा वर्षांनी आप्पा नाशिकच्या एका दवाखान्यात होते. सरूमावशी एसटीनं भेटायला आली, खाटेशेजारी बसली आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात नाम घेऊ लागली. मग एकदम भान येऊन थांबली, आणि मास्तरांना चालत नाही, असं काहीसं ओशाळून मला म्हणाली.

आप्पांनी डोळे उघडले. "म्हणा," ते म्हणाले. "तालात आहे ते."

मावशी म्हणत राहिली. त्यांच्या त्या बोलण्यात श्रद्धा होती की गणित, हे आप्पांना विचारायचं राहून गेलं. मावशीही आता नाही. त्या दिवशी चारच्या गाडीनं ती गावी परत गेली. खिडकीत उतरतं ऊन होतं, फिनेलचा वास होता... मी आप्पांच्या दोन श्वासांमधलं अंतर मनात मोजत बसले. आधी ते सारखं होतं. मग हळूहळू सारखं राहिलं नाही.