जाळ्यातला चेंडू कोणी काढायचा?

गोल झाल्यावर जाळ्यात पडलेला चेंडू कोणी बाहेर काढावा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सहा आठवड्यांपूर्वी रेन्झो गेल्याचा निरोप संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हापासून त्याचे उत्तर नीट मांडून पाहावे असे वाटत आहे.

रेन्झो उत्तर इटलीतल्या एका छोट्या शहराच्या फुटबॉल संघात डाव्या बाजूचे बचावपटू होते. अकरा हंगाम ते तिथेच खेळले. पुढे अमेरिकन पत्नीबरोबर नॉर्थ कॅरोलायनात आले आणि आमच्या कॅरी गावात मुलींच्या संघाचे प्रशिक्षक झाले. माझी मुलगी सई त्यांच्या संघात बचावपटू होती. मी पूर्वी नागपूरला गणित शिकवत असे. त्या सवयीने मैदानाच्या कडेला वही घेऊन बसे. तीत एक नोंद वारंवार आली : आपल्यावर गोल झाला, की जिची चूक तिने जाळ्यातून चेंडू काढायचा आणि मैदानाच्या मध्यापर्यंत चालत न्यायचा. पळायचे नाही, मान खाली घालायची नाही. वर्गात बाकावर उभे करण्याचाच हा प्रकार, असा निष्कर्ष मी काढला होता.

सई चौदा वर्षांची असताना एका अंतिम सामन्यात तिच्याच पायाला लागून चेंडू आमच्या जाळ्यात गेला. आम्ही हरलो. तो चेंडू तिने सगळ्या पालकांदेखत चालत नेला. परतताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, आय ॲम डन. मंडेपासून मी जाणार नाही." तिचे खेळणे तिथेच संपले असते, कारण मीही तिला अडवले नाही. सोमवारी तिची जर्सी परत द्यायला मीच गेलो आणि रेन्झोंना त्या शिक्षेबद्दल स्पष्ट सुनावले.

ते सरावासाठी मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करत होते. "प्रोफेसर, आज मार्क कापायला आलात वाटतं," ते म्हणाले. मग सांगू लागले. शेवटच्या हंगामात त्यांनी मागे दिलेला पास स्वतःच्याच गोलात गेला. ते गवतात तोंड लपवून पडून राहिले. "चेंडू आमच्या गोलकीपरनं काढला. माझा मित्र होता तो. लोकांनी त्याला वाकताना पाहिलं, हुर्यो उडवणाऱ्या शिट्याही त्यालाच मिळाल्या. चूक माझी होती, हे मी तिथून उठून दाखवायला हवं होतं..." मग त्यांनी माझ्या हातातल्या जर्सीकडे बोट केले. "आणि आज सईचा चेंडू तुम्ही उचलून आणलात. सोडायचं असेल तर तिला स्वतः चालत येऊ द्या."

मी जर्सी घरी नेली आणि सईला सारे सांगितले. तिने एकच विचारले, "मग त्या दिवशी मीराला कोणी काही बोललं?" मीरा म्हणजे आमची गोलकीपर. मी म्हटले, "नाही." पुढच्या सरावाला सई स्वतः गेली, जर्सी घालून.

आता ती दूर पिस्कॅटवेला कॉलेजात शिकते. गेल्या शनिवारी मी एकटाच त्या मैदानावर गेलो होतो. प्रशिक्षक नवे, मुली नव्या. रेन्झो आजारपणामुळे शेवटचे वर्षभर तिथे फिरकलेही नव्हते. गोल झाला. गोलकीपर मागे वळली, तोवर एक लहानखुरी बचावपटू जाळ्यात पोहोचली होती. तिने चेंडू काखेत घेतला आणि मान वर ठेवून ती चालू लागली...

माझे निरीक्षण एकाच मैदानापुरते आहे. पुढचा सामना पाहाल तेव्हा गोल झाल्यावर क्षणभर जाळ्याकडे लक्ष ठेवा, आणि चेंडू कोण काढते ते कृपया स्वतः तपासा.