सूचकानं आधी खाली झोपावं

आमच्या घरी फ्रीजसुद्धा ठरावानं आला. सूचक आई, अनुमोदक ताई, विरोधात मी, कारण त्या वर्षी मी जाहिरातींच्या विरोधात होते. पप्पांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. दिवसा लग्नपत्रिका छापायच्या आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं. चुकीची छापलेली पत्रकं घरी यायची. ती आमच्या वह्यांना कव्हर म्हणून चढायची, डब्यांखाली अंथरली जायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळं बरीच वर्षं मला वाटायचं की वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्हच असतं.

घरातल्या सभेचे नियम साधे होते. अध्यक्ष पप्पा. अध्यक्षांना मत फक्त बरोबरी झाली तर. इतिवृत्त आईच्या डोक्यात, आणि ते कुणालाही दुरुस्त करता यायचं नाही. शेवटचा नियम पप्पांनी मोर्च्यांमधून घरात आणला होता. जो ठराव मांडतो, त्यानं तो आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचा. मोर्चा काढा म्हणणारा पहिल्या रांगेत चालणार, आणि कारल्याची भाजी करा म्हणणाऱ्यानं पहिला घास खायचा.

अशा घरात थोरली ताई गाड्यांची मेकॅनिक झाली. पैठण रोडला तिचं आणि दाजींचं गॅरेज आहे. गॅरेज चालवतात दोघं, पण गाडी पळवते ताई. मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, त्यात. एक जुनी छोटी गाडी तिनं आतून सोलून काढली, लोखंडी पिंजरा बसवला, आणि दर मोसमात ती धुळीत गोल गोल फिरवते. पप्पांचं यावर मत ठरलेलं आहे: "पेट्रोल जाळून माणूस निघाला तिथंच परत येतो. ह्याला प्रगती म्हणत नाहीत."

दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी दुरुस्त करायची जागा म्हणजे पिट. आमच्या भागात पिट म्हणजे कुणाचं तरी नांगरून सपाट केलेलं रान आणि त्यावर ताडपत्री. गाडी तिथं जॅकवर उचलायची आणि दाजींनी खाली सरकायचं. दाजी खुलताबादकडच्या गावचे, अंगानं भरदार. ते गाडीखाली जायचे तेव्हा आधी श्वास सोडायचे, मग जायचे.

गेल्या मोसमात जॅक काळ्या मातीत रुतला आणि तिरपा झाला. गाडी खाली बसली. दाजी नुकतेच बाहेर आले होते, चहा घ्यायला. हातात कप, आणि समोर गाडी जमिनीला टेकलेली. ते एवढंच म्हणाले, "च्या लई टायमावर आला."

घरी हा विनोद कुणाला आवडला नाही. आईनं सांगून टाकलं, "गाडी उचलायची नीट सोय होईपर्यंत जावई गाडीखाली जाणार नाय. आणि जावई खाली जाणार नाय तर गाडी बी पळणार नाय." हा ठराव नव्हता. हुकूम होता.

तेव्हा सभा बसली. विषय एकच: पिटमध्ये उचलून नेता येईल अशी लिफ्ट कोणती घ्यायची?

पहिली होती कात्रीसारखी उघडणारी. ती बाद झाली, कारण तिला पक्की फरशी लागते आणि ती उचलायला चार माणसं. दाजी म्हणाले, "तिला उचलायला आधी एक लिफ्ट घ्या."

दुसरी म्हणजे फुगा. जाड रबराचा मोठा फुगा गाडीखाली सरकवायचा, त्याची नळी सायलेन्सरला लावायची. गाडीच्याच धुरानं फुगा फुगतो आणि गाडीची एक बाजू वर येते. मऊ मातीत रुतत नाही, हलका आहे, एकटी बाई लावू शकते. ताई ह्या फुग्याच्या प्रेमात होती. जॅकशी झटापट करता करता तिची एक अंतिम फेरी निघून गेली होती, ते तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

तिसरी म्हणजे दोन लांब लोखंडी चौकटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक सरकवायची. छोटा पंप बॅटरीवर चालतो, अख्खी गाडी सारखी वर येते आणि ठराविक उंचीला खटका पडतो. मग पंप बंद पडला तरी गाडी खटक्यावर उभी राहते. चौकट लांब असल्यामुळं वजन पसरतं, खाली फळ्या टाकल्या की रुतत नाही. पण तिला दोन माणसं लागतात, जागा समतल करावी लागते, आणि वेळ जातो.

मी चौकटींच्या बाजूनं होते. नुसती नव्हते, मी पत्रक काढलं होतं. मथळा: 'खाली कोण झोपणार?' त्यात मी मागणी केली होती की जो गाडीखाली जातो त्याला नकाराधिकार हवा. एकट्यानं नाही म्हटलं तरी ठराव पडला पाहिजे!

पप्पांनी पत्रक वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि परत दिलं. "एक माणूस, एक मत. नकाराधिकार राजाला असतो."

"पप्पा, राजा गाडीखाली झोपत नाही!"

"मग जावईबापूंनी मत द्यावं की. दिलंय कधी?"

इथं पंचाईत होती. दाजी लग्नापासून प्रत्येक ठरावाला तटस्थ राहिले होते. सासरवाडीत जेवायचं आणि वर विरोधही करायचा, हे त्यांच्या तब्येतीला मानवत नसावं. मी त्यांच्याकडं वळले. "दाजी, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. बोला!"

दाजींनी शेंगदाण्याची चटणी पुढं ओढली. "मेव्हणीबाई, पत्रक लई भारी लिहिलंय. मी तटस्थ."

मतदान झालं. ताई फुग्याला, मी चौकटींना. आईकडं पाहिलं तर ती म्हणाली, "मला मत नको. मला जावई पायजे. मीटिंगा करा तुम्ही. माणूस गेल्यावर शोकसभा बी ठरावानं घ्या."

एकास एक. बरोबरी! पप्पा खुर्चीत सरळ बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या निर्णायक मताची वेळ आलीच नव्हती. आमच्या घरात कुणी ना कुणी ऐन वेळी फुटायचंच. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. आणि मत दिलंच नाही. "ऐकीव माहितीवर अध्यक्ष मत देत नसतो. दोन्ही वस्तू आणा. प्रत्यक्ष बघू. आणि नियम माहितीये. सूचकानं आधी खाली झोपावं."

फुगा ताईनं एका स्पर्धकाकडून मागून आणला. चौकटी वाळूजच्या एका वर्कशॉपनं बघायला म्हणून दिल्या. गॅरेजच्या मागं एक पडीक प्लॉट आहे, काळ्या मातीचा. आम्ही सगळे तिथं जमलो. पप्पा पांढरा शर्ट घालून आले होते, खिशाला निळं पेन. आई खुर्ची घेऊन आली, बसली मात्र नाही.

फुगा आधी. दाजींनी नळी लावली, गाडी चालू केली. फुगा खरोखर बघता बघता फुगला आणि गाडीची बाजू वर आली. ताईनं आमच्याकडं असं पाहिलं, जसं काही तो तिनंच जन्माला घातला होता. इंजिन बंद केलं. वरून सगळं ठीक होतं. मग वाऱ्याची झुळूक आली आणि गाडी थोडी डुलली. फार नाही. पाळणा हलतो तेवढी.

"डुलणारच," ताई म्हणाली. "रबर आहे." तिनं ओढणी कमरेला बांधली, पाठीवर आडवी झाली आणि खाली सरकायला लागली.

"थांब," दाजी म्हणाले.

"काय?"

"बाहेर ये."

"अहो, तुम्ही इतकी वर्षं त्या जॅकखाली जाताय ना? मी पाच मिनिटं जाते."

"माझं येगळं होतं. बाहेर ये म्हणतो ना." एवढ्या मोठ्यांदा ते कधी बोलले नव्हते. त्यांनी वाकून तिच्या पायाला धरलं आणि सरळ ओढून बाहेर काढलं. ताईच्या पाठीला माती, केसांत माती. मग दाजी पप्पांकडं वळले. घाम आला होता त्यांना. "मामा, माझा इरोध. नोंदवा."

आई म्हणाली, "नोंदला." आणि इतका वेळ उभी होती ती खुर्चीत बसली.

ताई माती झटकत उठली. नवऱ्याकडं बघत राहिली. "माझ्या वेळेला इरोध," ती म्हणाली, "आणि स्वतः खाली जाताना तटस्थ?"

"व्हय," दाजी म्हणाले.

पुढं नियमाप्रमाणं मी चौकटींखाली झोपले. जाहीर सभेत बोलायला मला भीती वाटत नाही. पण गाडीचं पोट नाकासमोर आलं तेव्हा मी एकही उद्गारचिन्ह न वापरता पडून राहिले. दाजींनी गाडीला धक्के मारले, ताईनंही मारले, जरा जास्तच जोरात. गाडी हलली नाही. दोन विरुद्ध एक, चौकटी मंजूर झाल्या. दाजींनी आयुष्यातली पहिली उपसूचनाही मांडली: गाडी वर असताना तिची चावी खाली झोपणाऱ्याच्या खिशात राहील. ही एकमतानं मंजूर झाली.

नाराज एकटे पप्पा. बरोबरी मोडली आणि त्यांचं निर्णायक मत तसंच राहिलं.

ते शर्यतीला आले, आयुष्यात पहिल्यांदा. लासूर स्टेशनच्या वाटेवर एका मोकळ्या रानात ट्रॅक होता. "मी प्रेक्षक नाही, निरीक्षक आहे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्या फेरीनंतर ताईची गाडी खालून खडखडत पिटमध्ये आली. फळ्या टाकल्या, चौकटी सरकवल्या, पंपाची घरघर, गाडी वर, आणि खट. ताई हेल्मेट न काढता शेजारी उभी राहिली. दाजींनी श्वास सोडला. तेवढ्यात पप्पांनी चपला काढल्या.

"मामा, काय करताय?"

"अध्यक्षांना मत देता आलं नाही. निदान झोपू तरी द्या." त्यांनी पिशवीतून जुनी पत्रकं काढली, मातीवर अंथरली, दाजींच्या हातातली चावी घेऊन पेनाशेजारी खिशात टाकली आणि पांढऱ्या शर्टासकट खाली गेले. पाठोपाठ दाजी. बाहेर चार पाय आणि आतून आवाज.

"हे काय लोंबतंय?"

"मामा, तेच आवळायचंय. तुम्ही जरा सरका."

"सरकतो. पण इथून बरंच दिसतं हो जावईबापू."

थोड्या वेळानं पप्पा बाहेर आले, शर्टाची पाठ काळी. ते थेट चहाच्या टपरीकडं चालू लागले. मागून दाजी गाडीखालून निघाले, गाडी खाली उतरवली, ताई पिंजऱ्यात शिरली. भोंग्यावर तिच्या नंबरचा पुकारा झाला. चावी नव्हती.

ताई हेल्मेटसकट बाहेर उडी मारून टपरीकडं पळाली, मी तिच्या मागं. पप्पा टपरीवाल्याला चौकटींचं महत्त्व समजावून सांगत होते.

"पप्पा, चावी! पुकारा झाला! द्या लवकर!"

पप्पांनी खिशावर हात ठेवला, पण चावी काढली नाही. "आधी सांग, जावई बाहेर आला का?"

ताईचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं. मग ती वळली आणि मागं नीट बघितलं. ताडपत्रीखाली दाजी उभे होते, दोन्ही हात वर करून, आम्हांला दिसावेत म्हणून.

"आलेत," ती म्हणाली.

"मग घे."