आधी शिक्का, मग कल्हई

बारामतीच्या एका भांडेवाल्याने इंदापूरच्या खानावळवाल्या बाईला फसवले, आणि कोठडीच्या दाराशी आधी उभी राहिली ती बाईच. हे पन्नासच्या दशकातले. मी तेव्हा इंदापूरला फौजदार होतो. ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

बाजारच्या दिवशी बावड्याचे सहा शेतकरी तिच्याकडे जेवले आणि तासाभरात ओकू लागले. सगळे वाचले, पण एकाने विष घातल्याची फिर्याद दिली. मी पंच बोलावले, आमटीचे पितळी पातेले जप्त केले, खानावळीला कुलूप लावले. त्या काळी आमच्या भागात खानावळीच्या भांड्याची कल्हई पाहून तपासनीस काठाला आतून शिक्का मारत असे. या पातेल्याला तो होता. मी पंचनाम्यात लिहिले, 'भांडे शिक्क्याचे, दोष नाही.' म्हणजे दोष उरला बाईचा.

"मावशी, आमटीत काय घातलं?"

"चिच, गूळ, मसाला. रोज घालते त्येच."

"मग माणसं ओकली कशानं?"

"त्ये तुमी शोधा. माझी चूल इझवून बसू नका. मी उद्या खाऊ काय?"

मी खूप ओरडलो. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी कळसचा एक म्हातारा कल्हईवाला ठाण्यात आला. बाईची जुनी भांडी तोच करायचा. त्याने पातेले उन्हात तिरके धरले.

"फौजदारसाब, तळाची कल्हई गेलीया. आंबट आमटी उघड्या पितळंला लागून कळकली, दुसरं काय न्हाय."

"पण शिक्का आहे."

"हाय की. अक्षरांच्या खाचंत कथील भरलंय, बघा. शिक्का आधी मारलाय, कल्हई मागनं केलीया." काठाला उरलेली कल्हई त्याने बोटाने चोळली. बोट काळे झाले. "आन् कथलात शिसं."

ते नवे पातेले बाईने बारामतीला घेतले होते; मी धोतर नेसून, गिऱ्हाईक बनून त्याच दुकानात गेलो. घासाघीस मला कोणी शिकवायला नको; लहानपणी भाजी विकूनच वाढलो. अर्धा तास मी एका पातेल्यावर अडून बसलो. भांडेवाला वैतागला.

"पाव्हणं, ह्या भावात बिनशिक्क्याचं न्या. शिक्क्याचं आठ आणे जादा."

"शिक्का मिळायला किती दिवस?"

"दिवस कशाला? आत शिक्का मारलेली कोरी पडल्यात. चहा घ्या, तवर कल्हई करून देतो."

चहा घेतला, मग त्याला घेतला. शिक्का मारायचा ठसाही गल्ल्यामागेच सापडला.

"ठसा कोणाचा?"

"तपासनीस सायबांचाच. दर खेपंला कुठं यायचं, म्हणून हितंच ठिवून गेले."

भांडेवाल्याला शिक्षा झाली. बाई सुटली, पण तिच्या पाटावर पुन्हा फारसे कोणी बसले नाही. शिक्का पाहून तिने कल्हई पाहिली नाही, आणि मीही पाहिली नाही. ती निरक्षर होती. मला काय झाले होते? तेव्हापासून शिक्का दिसला की मी आधी तो मारणारा माणूस कुठे होता हे विचारतो.

तपासनीसावर मी सविस्तर अहवाल पाठवला. वरून शेरा आला, 'ठसा हरवला होता.' त्याची फक्त बदली झाली. हरवला होता, तर हरवल्याची वर्दी कुठे आहे? त्याची कचेरी इंदापुरातच होती आणि इथली स्टेशन डायरी मी स्वतः लिहीत होतो, तिच्यात नाही. त्या शेऱ्याखाली ज्यांनी सही केली, त्यांनी उत्तर द्यावे. मला नको, त्या बाईला द्यावे.