पेन्सिलीने लिहिलेली नावं

शकुताई स्वस्थ बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. चारकोपच्या आमच्या लॅबमध्ये त्या गाठींचे पातळ काप काचपट्ट्यांवर चढवतात आणि स्कॅन करतात. एकेका पट्टीचा फोटो इतका अवाढव्य, की तो तुकड्यातुकड्यांनीच उघडतो. मग पेशंटचं नाव पुसणारा प्रोग्राम चालवायचा आणि चारशेचा गठ्ठा संशोधकांसाठी वेबसाइटवर टाकायचा.

पण पूर्वी एकदा नंबरांची अदलाबदल झाली, तेव्हापासून त्या पट्टीच्या कडेला नंबराखाली पेन्सिलीने नावही लिहितात. मी कितीदा टोकलं, ऐकतील तर ना.

गुरुवारी एका संशोधकाची मेल आली. स्कॅनर कडेच्या लेबलचाही फोटो काढतो, तो फाइलमध्ये तसाच राहिलाय आणि नावं वाचता येतायत. मी चिडून गठ्ठा वेबसाइटवरून काढला. शकुताई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. त्यात त्यांच्या शेजारणीची, जानकीची, पट्टी होती. स्तनाचा कॅन्सर. मुलाची, देवेशची, शेवटची परीक्षा होईपर्यंत घरात कुणाला कळता कामा नये, असं जानकीने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. आणि देवेशचा कॉलेजचा प्रोजेक्ट हाच, कॉम्प्युटरला कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं. सोमवारीच जिन्यात तो म्हणाला होता, "मावशी, तुमच्या लॅबचा डेटा डाउनलोडला लावलाय."

शकुताईंनी जेवणाचा डबाही उघडला नाही. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "जा बाई, तुमच्याकडे बघून मला धडधडतंय." पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

जानकी स्वयंपाकघरात होती. शकुताई थेट देवेशच्या टेबलापाशी गेल्या. "देवेश, आमचा तो गठ्ठा उडव. चुकून नावं गेलीयत त्यात."

त्याने काही न विचारता फोल्डर डिलीट केलं. शकुताईंच्या जिवात जीव आला.

"पहिलीपासून माझ्या वह्यांवर तूच नाव घालायचीस, मावशी," तो हळूच म्हणाला. "तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. मंगळवारीच."

शकुताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आईला सांगू नको हां, मला कळलंय ते. पेपर होईपर्यंत तिला टेन्शन नको."

आतून जानकीने विचारलं, "कोण, शकु का गं? चहा टाकू?"

"टाक ना, आई," देवेश म्हणाला, आणि पुस्तक उघडून बसला.