धामापूरच्या तळ्याकाठी लाल गाडी

मालवणला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. समुद्रात थांबे, आणि उतारूंना होडीत उतरवत. एका हातात स्प्रेगन, दुसऱ्या हातात रंगाचे डबे आणि खाली हलती होडी, असा मी मालवणात पोहोचलो. मागच्या होडीत माझा छोटा कॉम्प्रेसर होता. साठीच्या दशकातला एप्रिल होता, आणि मुंबईत कँडी कलर मारणारे आम्ही दोघे-तिघेच असू.

धक्क्यावर संतान उभा होता. पन्नाशीचा, खाकी पँट, बोटांत मुरलेलं काळं तेल. "येवा पेंटर," म्हणून त्याने डबे घेतले. संतान मेकॅनिक. त्याचे वडील इथल्या एका खोतांचे ड्रायव्हर होते. त्या खोतांची, बापूंची, विलायती मोटार बारा वर्षं गोठ्यात गंजत पडली होती. बापूंनी ती त्याला देऊन टाकली. तीन वर्षं खपून त्याने ती चालती केली. मुंबईत माझ्या हातची एक लाल गाडी त्याने पाहिली होती. तोच रंग त्याला हवा होता.

"चेडवाचा (मुलीचं) लगीन आसा मे म्हयन्यात," तो म्हणाला. "ह्या गाडयेत बसवन तेका इगर्जेत (चर्चमध्ये) व्हरतलंय. मगे टॅक्सी करतलंय."

मालवणच्या वाऱ्यात वाळू आणि मीठ. तिथे हा रंग जमणार नव्हता. म्हणून आम्ही गाडी आत धामापूरला नेली. तळ्याजवळ संतानच्या ओळखीच्या एकाची आंबे भरायची शेड होती. जवळच्या भातगिरणीचं बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करून संतानने माझा कॉम्प्रेसर त्याला पट्ट्याने जोडला. तळं मोठं, निवांत. काठावर भगवतीचं देऊळ. सकाळी देवळातली घंटा ऐकू येई आणि मी पॉलिश पेपर घासत असे.

कँडी कलर म्हणजे नुसता लाल रंग नव्हे. खाली ॲल्युमिनियम पावडरीचा चंदेरी थर. त्यावर पारदर्शक लॅकरमध्ये विरघळवलेला लाल. डब्यात तो थेट आगळासारखा (कोकमाच्या खारवलेल्या रसासारखा) दिसतो. मलमलच्या फडक्यातून तीनदा गाळायचा, आणि हात न थांबवता मारायचा. थर कमी पडला तर गुलाबी, जास्त झाला तर काळपट. वरून ठिगळ लावता येत नाही.

पहिल्याच दिवशी दमट हवेने डावं दार दुधासारखं पांढुरकं झालं. सगळं खरवडून काढलं. संतान पॉलिश पेपर घेऊन माझ्याबरोबर घासत बसला. दुपारी त्याची बायको रोजीन डब्यातून सुंगटांची (कोळंबीची) कढी आणि उकडा भात पाठवी. तसं जेवण मी नंतर कुठे जेवलो नाही.

सहाव्या थरानंतर गाडी उन्हात ढकलली. लाल रंगाच्या आतून चांदी पेटल्यासारखी दिसली. संतानने हात पँटला पुसले, पण गाडीला लावले नाहीत.

बातमी पसरली. गावचे लोक पाहायला येऊ लागले. तिसऱ्या दिवशी बापूंचा मुलगा आला. बापू वर्षापूर्वी वारले होते. हा मुंबईत व्यापार करी आणि आंब्यांसाठी आला होता. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"छान झाली. बापूंची गाडी घरी न्यायला हवी."

"बापूंनी ती माका दिल्यानी," संतान म्हणाला. "'घेवन जा' म्हणान सांगल्यानी."

"कागद आहे?"

"कागद खंयचो? तोंडचो शबुद."

"गाडीच्या बुकात त्यांचं नाव आहे, संतान. तुझ्या कष्टाचं बघू आपण."

संतानने माझ्याकडे पाहिलं. बापूंचा शब्द मी ऐकला नव्हता, पण त्याची तीन वर्षं त्या पत्र्यावर मी हाताने चाचपली होती. तेवढं तरी बोलता आलं असतं. मी गनची नळी पुसत राहिलो.

मग बापूंचा मुलगा माझ्याकडे वळला. "मुंबईला कधी परतताय? याच गाडीतून चला. माझ्या मित्रांकडे अशा चार गाड्या आहेत. तुमच्यासारखा माणूस हवाच होता."

मी हो म्हणालो.

निघताना संतानने बॉनेट उघडून त्याला पाणी कुठे घालायचं ते दाखवलं. "घाटात दुसरो गियर घालताना वायच (जरा) थांबा," म्हणाला. "घाय केल्यात तर दातो तुटात." मग माझे डबे मागच्या सीटखाली नीट लावले. रोजीन शेडच्या दारात उभी होती. तिने वाटेसाठी आंबोळ्यांचं पुडकं दिलं. ते मी घेतलं.

फोंडा घाटातून कोल्हापूर, पुढे पुणे. चहाला थांबलो तिथे तिथे लोक गाडीभोवती जमत. मालक त्यांना सांगत होता, आमच्या वडिलांची गाडी. मी मान डोलवत होतो.

त्या चार गाड्या मला मिळाल्या, आणि त्यांच्यामागून आणखी. पुढे एक मालवणकडचा ड्रायव्हर भेटला. त्याच्याकडून कळलं, संतानची मुलगी बैलगाडीतून इगर्जेत गेली आणि लग्न चांगलं झालं. मालवणला मी पुन्हा गेलो नाही. संतानने बोलावलं तर जाईन, असं घरी म्हणतो खरा. त्याने बोलावू नये, एवढीच माझी इच्छा आहे.