आधी बस, मग बघू

डोळ्याला मार लागला की तुमचा हात कुठे जातो? डोळा दाबायलाच ना?

माझाही गेला होता. बावीस वर्षांची होते. मोर्चात पुढचा गडी वळला आणि त्याच्या फलकाचा बांबू थेट माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. सोबतच्यांनी रुमाल करकचून बांधला, दवाखान्यात नेऊन बाकावर आडवं केलं.

तिथल्या म्हाताऱ्या नर्सला सगळे बसामावशी म्हणत. येईल त्याला ती आधी बसवायची.

"कोणी बांधलं हे? डोळा आहे की गाठोडं?" रुमाल सोडून तिने कागदी कप कापला आणि डोळ्याला न टेकेल असा वरून चिकटवला. "ऊठ, ताठ बस."

"मावशी, दिसतंय मला. लोक थांबलेत."

"थांबू देत. रक्त थांबलंय का ते बघू."

आडव्या माणसाच्या डोळ्यात रक्त पसरतं, चटकन कळत नाही. बसलं की खाली साचतं. थोड्या वेळाने तिने कप काढून टॉर्च मारला. बुबुळाच्या तळाशी लाल रेघ! डॉक्टरांनी तपासलं. डोळा फुटला नव्हता; पण पुन्हा रक्त आलं तर नजर जाऊ शकते, म्हणाले. थेंब, उंच उशी, पाच दिवस दवाखान्यातच, धावपळ बंद.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "कैदेत टाकलंय का मला?"

"तुरुंगात जायची हौस तुलाच ना? इथे सराव कर."

ती जेवायला गेली तशी मी सटकले. जिना धावत उतरले आणि डाव्या डोळ्यापुढे लाल धुकं दाटलं. भिंत धरून परत आले. मावशी एरवी कुणाचं ऐकून न घेणारी. त्या दिवशी तिने फक्त उशी उंच केली. तेवढं मला कुणाच्या शिव्यांनी लागलं नसेल.

धुकं निवळायला तीन आठवडे लागले. पुढे दरवर्षी तिचा निरोप यायचा, "डोळ्याचं प्रेशर तपासलंस का गं?" मी वैतागून जायची. अकराव्या वर्षी, काही दुखत नसताना, त्याच डोळ्याचं प्रेशर वाढलेलं सापडलं; जुन्या मारामुळे असं कितीतरी वर्षांनीही होतं, डॉक्टर म्हणाले. थेंबांवर नजर टिकली. आज मावशी नाही. निरोप पाठवणारं कुणी उरलं नाही, म्हणून तारीख मीच लक्षात ठेवते.

तुम्हालाही कधीकाळी चेंडू, कोपर, काहीही डोळ्यावर जोरात लागलं असेल, तर या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना ते आवर्जून सांगा.